दंगा एकाचा, बिऱ्हाड रस्त्यावर

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत भाडेकरूला घराबाहेर काढायला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. कुलूप बदललं की भागतं. संध्याकाळी माणसं कामावरून परततात तेव्हा खोलीला दुसरंच कुलूप असतं आणि सामान ओट्यावर आलेलं असतं. गॅसची शेगडी, पत्र्याची पेटी, गोधड्यांचं गाठोडं, खताच्या रिकाम्या गोणीत कोंबलेली भांडी, त्यावर ठेवलेलं पोराचं दप्तर. डिपॉझिटमधून लाइटबिल कापलेलं, खिडकीच्या फुटक्या काचेचे पैसे कापलेले, उरलेल्या नोटा घरमालकाने मुठीत तयार ठेवलेल्या. कारण विचारायची गरज नसते, शेजारीच सांगतात. रोजचा तमाशा. दारू पिऊन शिवीगाळ, बायकोला मारहाण, मध्यरात्री दारं बडवणं. ‘गेली एकदाची कटकट’ म्हणून गल्ली त्या रात्री निवांत झोपते.

ही झोप गल्लीच्या हक्काची आहे, हे आधी कबूल करू. दहावीची पोरगी अभ्यासाला बसली असताना भिंतीपलीकडून आईबहिणीवरून शिव्या ऐकू याव्यात, सकाळी सहाची पाळी गाठायची असताना रात्री दीडपर्यंत टक्क जागं राहावं लागावं, आपल्या दारातली दुसऱ्याची ओकारी आपणच धुवावी, हे कोणी का सोसावं? गरिबीचा दाखला देऊन याचं समर्थन करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की सोसणारेही तितकेच गरीब असतात. घरमालकही दर वेळी सावकार नसतो. दोन-चार खोल्या भाड्याने देणाऱ्यांत एसटीतून निवृत्त झालेला वाहक असतो, द्राक्षबाग तोडावी लागल्यावर गावठाणातल्या खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणारी विधवा असते. एका वाईट भाडेकरूपायी तीन चांगले सोडून गेले की तिच्या महिन्याच्या किराण्याला खीळ बसते. ती पोलीस ठाण्यात गेली तर अदखलपात्र नोंद होते, एनसीचा कागद हातात पडतो. फारच झालं तर चॅप्टर केस होते, तहसीलदारांपुढे त्या माणसाकडून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून घेतात. तो घरी येतो आणि आठ दिवसांनी पुन्हा पितो. कुलूप बदलणं हा तिला सगळ्यांत स्वस्त आणि लवकरचा उपाय वाटतो. तिच्या जागी बसून पाहिलं तर तो तसा आहेही.

आमचा सवाल त्यानंतरचा आहे. ओट्यावरचं ते सामान उचलून बिऱ्हाड जातं कुठे?

दंगा करणारा बाप्या सहसा कुठेतरी खपून जातो. एखाद्या मित्राच्या खोलीवर, ट्रकच्या केबिनमध्ये, काहीच नाही तर एसटी स्टँडच्या बाकावर. त्याची रात्र निभावते. निभावत नाही ती बायकोची, दोन पोरांची आणि गावाहून आणलेल्या म्हातारीची. त्यांनी कोणाला शिवी दिलेली नसते, उलट त्या शिव्यांचा आणि माराचा पहिला वाटा त्यांनीच खाल्लेला असतो. शेजाऱ्यांना जो त्रास भिंतीपलीकडून झाला, तो त्यांना भिंतीच्या आत झाला. आणि त्याची शिक्षा म्हणून छप्पर गेलं तेही त्यांचंच. चार दिवस बहिणीकडे, मग दुसऱ्या गल्लीत किंवा वणी, जानोरी, लखमापूरकडे कुठेतरी कमी भाड्याची, कमी चौकशीची, न्हाणी नसलेली खोली. तिथे नवरा पुन्हा येऊन मिळतो, कारण भाडं एकटीच्या मजुरीत भागत नाही. मग तीच रात्र, तोच तमाशा, फक्त शेजारी नवे. एका गल्लीची कटकट गेली म्हणजे तालुक्याची गेली, असा आपला समज आहे.

भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्या, असे आदेश प्रशासन वेळोवेळी काढतं. फोटो, आधारकार्ड, मूळ गावचा पत्ता. माहिती न देणाऱ्या घरमालकावर गुन्हाही नोंदवला जातो. कोण राहायला आलं याची सरकारला अशी काळजी. पण कोणाला, कशासाठी, किती लेकरांसह बाहेर काढलं याची नोंद ना पोलीस ठाण्यात होते, ना नगरपंचायतीत, ना शाळेत. शाळेत एवढंच कळतं की पोरगं आठ दिवस आलं नाही.

दिंडोरी तालुक्यात हा प्रश्न शहरातल्यापेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे, कारण इथलं छप्पर बऱ्याचदा कामाला बांधलेलं असतं. तळेगाव-अक्राळ्याची औद्योगिक वसाहत, लखमापूरचे कारखाने, मोहाडीची सह्याद्री फार्म्स यांच्याभोवती खोल्यांची बाजारपेठ उभी राहिली हे खरं. पण त्याआधीपासून आणि त्याहून मोठ्या संख्येने माणसं राहतात ती मळ्यांत. पेठ आणि सुरगाण्याकडून टोळ्या येतात. ऑक्टोबरची छाटणी, मग डिपिंग, विरळणी, जानेवारीपासून काढणी, एप्रिलला खरड छाटणी. एकरावर ठेका ठरतो, मुकादम उचल घेतो, आणि बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये चुली मांडल्या जातात. ना भाडं, ना करार, ना पावती. बाजाराच्या दिवशी हातात पैसा आला, कोणी पिऊन मालकाच्या पोराच्या अंगावर धावून गेला, की दुसऱ्या दिवशी त्याचं अख्खं कुटुंब आणि कधी अख्खी टोळी पिकअपमध्ये घालून रवाना होते. काम गेलं, घर गेलं, उचल मात्र अंगावर राहिली. याला बेदखल करणं म्हणावं असंही कोणाला वाटत नाही, कारण कागदावर तिथे कोणी राहतच नव्हतं.

या टोळ्यांतल्या अनेकांच्या नावावर गावाकडे घरकुल असतं, शबरी योजनेतलं किंवा प्रधानमंत्री आवासमधलं. म्हणजे सरकारी हिशेबात ते बेघर नाहीत. घर डोंगरात आहे, काम सपाटीला आहे आणि मधल्या अंतराचा रकाना कुठल्याच अर्जात नाही. शहरी बेघरांच्या निवाऱ्यांचा सरकारी हिशेब एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा एक निवारा असा. दिंडोरी नगरपंचायतीची वस्ती लाखाच्या आसपासही नाही. तेव्हा रात्री दहाला ओट्यावर बसलेल्या बाईला इथे सरकारी छप्पर नाही, नाशिक गाठायचं. तिथल्या वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरती सोय होते, पण ती मोजून पाच दिवसांची. त्यापुढे शक्तिसदनासारखी निवासी केंद्रं आहेत, पण बागेतली मजुरी आणि पोरांची शाळा सोडून तिथे जाऊन राहायचं म्हणजे उरलेला आधारही आपल्या हाताने तोडायचा.

कायदा काय म्हणतो? कायदा पुष्कळ काही म्हणतो, फक्त तो कुलूप बदलण्याच्या वेळी हजर नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा. त्याच्या कलम १६मध्ये घर खाली करून घेण्याची जी कारणं दिली आहेत, त्यांत शेजाऱ्यांना उपद्रव हे एक आहे. उपद्रव भाडेकरूनेच केला पाहिजे असं नाही, त्याच्याबरोबर राहणाऱ्या कोणीही केला तरी कारण पुरतं. म्हणजे एकाच्या वागण्याने सगळ्यांनी बाहेर, ही गोष्ट खुद्द कायद्यातच आहे. याच कलमात आणखी एक बारकावा आहे, तो फारसा कोणी बोलून दाखवत नाही. घरमालकाला स्वतःसाठी, मुलासाठी जागा हवी असेल तर न्यायालयाने दोघांच्याही अडचणींचं माप घ्यायचं असतं. भाडेकरूची अडचण मोठी ठरली तर ताबा मिळत नाही. उपद्रवाच्या कारणाला हे माप लावलेलं नाही. तिथे बायकोचं काय, पोरांचं काय, म्हातारीने कुठे जायचं, हे प्रश्न न्यायाधीशाने विचारलेच पाहिजेत असं नाही. सज्जन भाडेकरूच्या अडचणीला कायद्यात वजन आहे. दंगेखोराच्या घरातल्या सज्जनांच्या अडचणीला नाही.

अर्थात इतक्या लांब प्रकरण जातच नाही. आता सगळा व्यवहार अकरा महिन्यांच्या करारांवर चालतो आणि कमी भाड्याच्या खोल्यांत करार बहुधा तोंडीच असतो. करार लेखी करून नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी, न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, असं याच कायद्याचं कलम ५५ सांगतं. महिन्याच्या भाड्यावर राहणाऱ्याला पंधरा दिवसांची नोटीस हवी, हे तर १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून चालत आलं आहे. पाणी आणि वीज तोडून कोणाला पळवून लावता येत नाही. कायद्याची रीत न पाळता बाहेर काढलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. सहा महिने! खताच्या गोणीत भांडी भरून सुरगाण्याची गाडी पकडलेल्या बाईला दिंडोरीच्या न्यायालयात तारखांना यायला सांगणं ही थट्टाच झाली. तालुका विधी सेवा समितीकडून स्त्रियांना आणि आदिवासींना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अटसुद्धा नाही. हे तिला कोण सांगणार? कुलूप बदलणारा?

उपद्रव कशाला म्हणायचं हाही झगडा आहेच. भाड्याच्या खोलीत हातभट्टी विकणारा आणि पत्त्यांचा अड्डा चालवणारा एक, गल्लीत कोयत्याने केक कापून शेजाऱ्यांना दम देणारा दुसरा, आणि पगाराच्या दिवशी पिऊन रडणारा-ओरडणारा तिसरा. या तिघांना एकाच मापाने मोजणं चूक आहे. पहिल्या दोघांची जागा पोलीस कोठडीत, आमचा त्याला अजिबात विरोध नाही. पण ‘त्रास होतो’ या सबबीखाली आणखी बरंच काही खपवलं जातं. एकट्या राहणाऱ्या नर्सबाईकडे भाऊ आला तरी त्रास होतो. सुकट भाजली तरी त्रास होतो. उत्तरेकडची पोरं आठ जणं एका खोलीत राहतात म्हणून त्रास होतो. पारध्याला तर खोली मिळण्याआधीच त्रास सुरू झालेला असतो. इंग्रजांनी १८७१ साली काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, सोलापुरासारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणात कोंडलं. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला, पण खोली दाखवताना आडनाव विचारून घेण्याची रीत काही गेली नाही. म्हणून उपद्रवाचा निवाडा एकट्या घरमालकाच्या किंवा एका वजनदार शेजाऱ्याच्या तोंडावर सोडू नये. न्यायालयंसुद्धा किरकोळ कुरबुरीला उपद्रव मानत नाहीत, सतत आणि गंभीर त्रासाचा पुरावा मागतात.

सरकार स्वतः माणसाला घराबाहेर काढतं तेव्हा काय करतं, तेही पाहण्यासारखं आहे. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१चा. कलम ५६ खाली उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपले प्रांतसाहेब, एखाद्याला जिल्ह्यातून आणि लागून असलेल्या जिल्ह्यांतूनही दोन वर्षांपर्यंत तडीपार करू शकतात. सणासुदीच्या, निवडणुकीच्या आधी अशा आदेशांच्या बातम्या येतात आणि आपण समाधानाने वाचतो. तडीपार झालेल्याने दोन वर्षं राहावं कुठे, खावं काय, त्याच्या मागे भाड्याच्या खोलीत राहिलेल्यांनी भाडं कशातून भरावं, याबद्दल आदेशात एक ओळ नसते. जालन्यातल्या अशाच एका आदेशाविरुद्धच्या प्रकरणात, दीपक लक्ष्मण डोंगरे यांच्या, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२मध्ये स्पष्ट सांगितलं की तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे. ती माणसाला स्वतःच्या घरात कुटुंबासह राहण्यापासून रोखते, रोजगारही हिरावू शकते, म्हणून दोन वर्षांची कमाल मुदत लावायची तर कारणं दिसली पाहिजेत. तो आदेश न्यायालयाने रद्द केला. एवढी तपासणी तरी तडीपारीला आहे. नोटीस आहे, म्हणणं मांडायची संधी आहे, अपील आहे. कुलूप बदलण्याला यातलं एकही नाही. गुंडाला मिळतं तेवढं ऐकून घेणं भाडेकरूच्या लेकरांना मिळत नाही.

बाहेरच्या देशांनीही यात डोकं फोडून घेतलं आहे. ब्रिटनमध्ये नगरपालिकांची घरं मोठ्या प्रमाणावर भाड्याने आहेत, भाड्याला सरकारी मदत आहे, म्हणून तिथे हा वाद उघडपणे होतो. दंग्यापायी घर गेलेल्या कुटुंबाला ‘स्वतःच्या करणीने बेघर’ ठरवून नगरपालिकेला पक्कं घर नाकारता येतं, १९९६च्या तिथल्या गृहनिर्माण कायद्याने. २००७ साली तर एक पाऊल पुढे जाऊन अशी तरतूद केली की दंग्यापायी घर गेलं आणि सुधारण्यासाठी देऊ केलेली मदतही नाकारली, तर भाड्याच्या सरकारी मदतीलाच कात्री. लोकांना हे आवडतं. आपल्याकडेही आवडेल. आमच्या करातून दारुड्याला खोली कशाला, हा प्रश्न चहाच्या टपरीवर विचारून पाहा, टाळ्या पडतील.

त्याच देशात स्कॉटलंडमधल्या डंडी शहराने १९९०च्या दशकात दुसरी वाट धरली. शेजाऱ्यांना नकोशी झालेली, घर गेलेली किंवा जायच्या बेतात असलेली कुटुंबं घेतली. त्यांतल्या सर्वांत बिकट अशा मोजक्या कुटुंबांना एका इमारतीत ठेवलं, तिथे कर्मचारी चोवीस तास हजर. बाकीच्यांच्या घरी जाऊन काम केलं. दारू, कर्ज, पोरांची शाळा, नवरा-बायकोची भांडणं, सगळं एकाच ठिकाणी हाताळलं. नियम कडक होते, कुटुंबांवर पाळत ठेवली जाते अशी टीकाही झाली, आणि ती अगदीच गैरलागू नव्हती. पण ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००१मध्ये तपासून पाहिलं तेव्हा बहुतेक कुटुंबांत सुधारणा दिसली. हे लाड नव्हते. कुटुंबाला पुन्हा पुन्हा हाकलत राहण्याचा खर्च कोणाच्या ना कोणाच्या खिशातून जातोच, हे त्या नगरपालिकेने वेळेवर ओळखलं, इतकंच.

दिंडोरीत डंडी उभं करा असं आम्ही म्हणत नाही. नगरपंचायतीचा जीव केवढा आणि तिला काय काय सांगायचं! पण हाताशी जे आहे ते तरी वापरू.

सर्वांत धारदार हत्यार २००५ सालीच आपल्या हाती आलं आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा कायदा. ‘सामायिक घर’ म्हणजे या कायद्याने फक्त मालकीचं घर नाही, भाड्याचंही. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर भाडेकरार असला तरी ते बायकोचं घर आहे. आणि कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी त्या नवऱ्यालाच घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकतात, भाडं भरण्याची जबाबदारीही त्याच्यावर टाकू शकतात. म्हणजे दंगा करणारा बाहेर आणि बिऱ्हाड आत, हे कायद्याने शक्य आहे. सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे त्यासाठी जाता येतं. भिंतीपलीकडून बाईच्या किंकाळ्या ऐकू येत असतील तर शेजाऱ्यांनाही कळवता येतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कायद्याचा बडगा येत नाही. शेजारी मात्र घरमालकाला कळवतात. संरक्षण अधिकाऱ्याला कळवलं असतं तर कदाचित तो एकटा गेला असता. घरमालकाला कळवलं म्हणून सगळे गेले.

दुसरं हत्यार आपण स्वतःच गंजू दिलं. १५ ऑगस्ट २००७ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावोगाव समित्या झाल्या, तंटामुक्त गावांना बक्षिसं लागली, वेशीवर फलक लागले. फलक अजून आहेत. समिती शेवटची कधी बसली हे गावात विचारलं तर माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. खोलीच्या भांडणाइतका समितीजोगा तंटा दुसरा कुठला असेल? ना खून, ना जमिनीचा बांध. घरमालक, शेजारी, तो माणूस आणि मुख्य म्हणजे त्याची बायको यांना समोरासमोर बसवायचं, दारू सोडवायला कुठे न्यायचं ते ठरवायचं, एक महिन्याची मुदत द्यायची, लिहून घ्यायचं. महिन्यानंतरही तोच तमाशा असेल तर घरमालकाने कायदेशीर नोटीस द्यावी, कोणीही त्याला बोल लावणार नाही. समित्यांत बायका पुरेशा नसतील तर हे काम होणार नाही, हेही सांगून ठेवतो. पारावर बसलेले पाच पुरुष सहाव्या पुरुषाला समज देतात आणि बाईला ‘सांभाळून घे’ म्हणतात, याचा अनुभव तालुक्याला पुरेसा आहे.

दारूबद्दल बोलल्याशिवाय या विषयावर लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. दिंडोरीचं नाव आज महागड्या वाइनच्या बाटलीवर छापलं जातं. ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ पुण्या-मुंबईच्या टेबलांवर कौतुकाने ओतली जाते. त्या द्राक्षांच्या बागांत घाम गाळणारा जे पितो ते त्या बाटलीतलं नसतं. त्याच्यासाठी गल्लीबोळात वेगळा पुरवठा आहे, आणि तो बंद करण्याचा अधिकार पेसा कायद्याने तालुक्यातल्या अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना दिलेला आहे. मात्र विक्री बंद केली म्हणून व्यसन बंद होत नाही, त्यासाठी उपचार लागतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६पासून दाखवून दिलं आहे की व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांनाही हाताशी धरावं लागतं. घरच्यांनाच रस्त्यावर काढल्यावर हाताशी धरायला उरतं कोण?

आता नगरपंचायतीपुरतं. महिला व बालकल्याणासाठी अंदाजपत्रकात पाच टक्के राखून ठेवायचे असतात. त्यातून शिलाई मशीन वाटली जातात, मेळावे होतात, फोटो निघतात. त्यातूनच दोन खोल्या भाड्याने घेऊन ठेवा. जास्त नको, दोनच. एका रात्रीत छप्पर गेलेल्या बाईला आणि लेकरांना तिथे तीन महिने राहता यावं, पोरांची शाळा तीच राहावी, तिचं काम तेच राहावं. दंगा करणाऱ्याला तिथे प्रवेश नसावा, आणि प्रवेश हवाच असेल तर उपचाराला गेल्याचा कागद दाखवूनच. कराच्या पैशातून दारुड्याला खोली, हा आक्षेप यावर लागू होत नाही, कारण खोली त्याला नाहीच.

आणि घरमालकांना एक सांगणं. घरकुलाचं घर आज बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावाने मंजूर होतं, सरकारने ते शहाणपण दाखवलं. भाड्याचा करार मात्र अजून डोळे झाकून पुरुषाच्या नावाने होतो. पुढचा करार करताना तिचंही नाव घाला, नोंदवून घ्या, आणि रोजच्या तमाशाला कंटाळून कोणाला काढायची वेळ आलीच, तर कुलूप विकत आणण्याआधी तिला एकटीला बाजूला घेऊन विचारा, तो गेला तर तू भाडं भरशील का. दिंडोरीतल्या कित्येक खोल्यांचं भाडं आजही तिच्याच छाटणीच्या मजुरीतून येतं.